दादा गेला, पत वाढली

माझ्या थोरल्या भावाने मेल्यानंतर बँकेत जे नाव कमावलं, ते जिवंतपणी त्याला कधी जमलं नव्हतं.

हे वाक्य मी अनेक ठिकाणी टाकलं आहे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना. लोक हसतात. मग मी पुढचं सांगायला लागतो आणि हसणं हळूहळू कमी होत जातं. मी नाटकी माणूस आहे, हे डोंबिवलीत कुणीही सांगेल. हौशी रंगभूमीवर मी राजे केले, दरोडेखोर केले, एका बालनाट्यात बोलणारं झाडही केलं. पण या गोष्टीत मला पदरचं काही घालावं लागत नाही. उलट एका ठिकाणी थोडं गाळावं लागतं.

दादा मानपाड्याच्या बाजूला एका रसायनांच्या कंपनीत होता. अबोल माणूस. पैशांच्या बाबतीत प्रामाणिक, पण विसराळू. क्रेडिट कार्ड त्याने घेतलं ते कंपनीत आलेल्या एका गोड बोलणाऱ्या पोराला नाही म्हणवेना म्हणून. मग बिल यायचं आणि ते तो वर्तमानपत्राच्या रद्दीत ठेवायचा. मुदत टळली की दंड, दंडावर व्याज. कधी घाईत "किमान रक्कम" भरून टाकायचा आणि आपण बिल भरलं या समाधानात झोपायचा. उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं, हे त्याला वहिनींनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "मग किमान कशाला म्हणतात?"

वहिनी म्हणजे दादाची बायको. डोंबिवली पूर्वेला एका भाड्याच्या गाळ्यात त्यांचं पोळी-भाजी केंद्र. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला त्या गाळ्यासमोर जी रांग लागते, तिच्यात मी बँक मॅनेजर पाहिलेत, मुख्याध्यापिका पाहिल्यात, आणि घरी बायकोशी भांडून आलेले नवरे तर रोज पाहतो. दादाने आपल्याच खात्यावर त्यांना दुसरं कार्ड काढून दिलं होतं. ॲड-ऑन म्हणतात त्याला. त्यावर इंग्रजीत, उठावाच्या अक्षरांत, वहिनींचं नाव. कणीक, तेल, मसाले असं सगळं सामान कल्याणच्या घाऊक बाजारातून त्या याच कार्डावर आणायच्या. पुढे बिल भरायचं कामही त्यांनी दादाकडून काढून घेतलं.

आणि मग दादा गेला. कंपनीतून आला, छातीत दुखतंय म्हणाला, हॉस्पिटलात चार दिवस राहिला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या वहिनी आणि फ्रिजवर चार्जिंगला लावलेला त्याचा फोन.

दहाव्याच्या आत त्या फोनवर कार्डाचं बिल आलं.

"भावजी, हे आधी भरून टाका," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं देणं राहायला नको."

मी भरलं. पैसे त्यांनीच दिले. मग मी म्हटलं, "वहिनी, आता बँकेला कळवायला हवं."

"कळवू. सगळं फिटलं की कळवू. देणं डोक्यावर असताना माणूस गेला म्हणून सांगायचं, म्हणजे सूट मागितल्यासारखं वाटतं."

आमच्या घराण्याची ही रीतच. माणूस गेल्याचं दुःख नंतर, आधी त्याने वाण्याचं काही ठेवलंय का ते बघा. मला ते पटलंही. पण हॉस्पिटलने शिल्लक खाल्ली होती, केंद्र चालू ठेवायचं होतं आणि कणकेची पोती लागत होती. वहिनींनी पुन्हा त्यांचं कार्ड वापरलं. महिनाअखेरीला महिन्याचा डबा लावलेल्या गिऱ्हाइकांचे पैसे आले, बिल आलं, त्यांनी भरलं. पण तोवर पुढच्या महिन्याची कणीक कार्डावर आली होती. आता सांगा, क्रेडिट कार्डाचं "सगळं" कधी फिटतं? एक फिटतं तोवर दुसरं उभं राहतं. अशी बँकेला कळवायची तारीख पुढे पुढे जात राहिली, आणि बँकेच्या लेखी माझा भाऊ जिवंत राहिला.

नुसता जिवंत नाही. सुधारला! वहिनींची शिस्त अशी, की बिल ज्या दिवशी येईल त्याच दिवशी भरायचं, आणि सगळं भरायचं. कार्डाची मर्यादा कितीही असो, त्याच्या पाव भागाच्या वर जायचं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "डाळीचं भांडं काठोकाठ भरलं की उतू जातं. तेवढी अक्कल कार्डालाही लागू आहे." त्यांना ही अक्कल कुणी शिकवली नव्हती, पण बँकांना नेमकं हेच आवडतं म्हणे. दादाचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे माणसाची पत सांगणारा आकडा, चढायला लागला. जिवंतपणी साडेसहाशेच्या आसपास लोळणारा माणूस गेल्यावर सातशे ओलांडून आठशेच्या पुढे गेला. फ्रिजवरचा फोन टुणकन वाजायचा. "अभिनंदन! आपल्या शिस्तबद्ध परतफेडीमुळे आपली मर्यादा वाढवण्यात येत आहे." एकदा तर सोनेरी रंगाचं नवीन कार्ड घेऊन कुरियरवाला दारात आला.

"साहेब आहेत का?"

"बाहेर गेलेत," वहिनी म्हणाल्या आणि सही करून पाकीट घेतलं.

मी आत बसून चहा पीत होतो. किती बाहेर, ते त्याने विचारलं नाही.

तेव्हा मला याची मजा वाटायची. चार लोकांत मी हे रंगवून सांगायचो. पण कधी वहिनींच्या घरी एकटा बसलेलो असताना तो फोन वाजला, स्क्रीन उजळली आणि त्यावर दादाचं नाव आलं, "प्रिय" लावून, की हातातला कप खाली ठेवावासा वाटायचा. आपण ज्याला खांदा दिला त्याच्याशी कुणीतरी अजून बोलतंय आणि त्याचं उत्तर वेळच्या वेळी त्याला मिळतंय. याला भूत म्हणत नाहीत तर काय म्हणतात, मला माहीत नाही.

दादाला जाऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा गाळ्याचे मालक केंद्रात आले. वयस्कर गृहस्थ. मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले होते.

"वहिनी, गाळा विकतोय. तुम्ही इतकी वर्षं आहात म्हणून पहिला हक्क तुमचा. पण दिवाळीपर्यंत काय ते सांगा. एक मोबाइलवाला रोज फोन करतोय, त्याला गाळा रिकामा हवाय."

म्हणजे दिवाळीपर्यंत पैसे उभे राहिले तर गाळा वहिनींचा, नाही तर केंद्र रस्त्यावर. वहिनींनी साठवलेल्यातून किमतीचा तिसरा हिस्सा निघत होता. बाकीचं कर्ज. त्यांना काळजी वाटत नव्हती. त्या मला म्हणाल्या, "माझा व्यवहार चोख आहे. बँक मला नाही म्हणायची नाही."

आम्ही ठाण्याला बँकेच्या कर्ज विभागात गेलो. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि पिशवीत सगळे कागद नीट लावून आणले होते. काचेच्या टेबलामागे एक तरुण मुलगी. तिने वहिनींचा पॅन नंबर टाकला, संगणकाकडे पाहिलं, पुन्हा टाकला.

"मॅडम, तुमचा स्कोअर येत नाहीये."

"कमी आहे?"

"नाही, कमी नाही. नाहीच आहे. तुम्ही कधी काही कर्ज घेतलंय? कार्ड वगैरे?"

वहिनींनी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. एखादा हुकमाचा एक्का ठेवावा तसं. "हे काय. माझं नाव आहे बघा. एकही बिल चुकलेलं नाही."

मुलीने कार्ड हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. चांगली होती पोरगी. तिला सांगताना वाईट वाटत होतं. "मॅडम, हे ॲड-ऑन आहे. कार्डावर नाव तुमचं आहे, पण खातं सरांचं. वापर तुम्ही केला, बिल तुम्ही भरलं, तरी हे जे सगळं चांगलं रेकॉर्ड झालं ना, ते सरांच्या नावावर जमा झालं."

"सगळं?"

"सगळं."

"मग माझ्या नावावर काय?"

तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. वहिनींचं नाव, जन्मतारीख, आणि खाली पांढरी मोकळी जागा. वहिनी त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या. माणूस आरशासमोर उभा राहावा आणि आरशात फक्त मागची भिंत दिसावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"वाईट स्कोअर असता तर निदान सुधारता आला असता," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "केंद्राची उलाढाल चांगली आहे, पण एवढी मोठी रक्कम पहिल्याच वेळी नाही होणार. तुम्ही एक करा, थोडी मुदत ठेव ठेवा आणि तिच्या आधारावर स्वतःच्या नावाचं कार्ड घ्या. थोडं वापरा, वेळेत भरा. वर्षभरात तुमचं स्वतःचं दिसायला लागेल."

"वर्षभर?" वहिनी म्हणाल्या. "मला दिवाळीपर्यंत हवंय."

परतताना त्या रिक्षात एकच वाक्य बोलल्या. "भावजी, म्हणजे आमच्या दोघांत मेलंय कोण?" आमच्या दोघांत म्हणजे त्या आणि दादा. मी रिक्षावाल्याला उगाच रस्ता सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा फोन वाजला. दादाला बँकेने वैयक्तिक कर्ज मंजूर करून ठेवलं होतं. कागदपत्रं नकोत, जामीन नको, फक्त होकार द्या. आणि रक्कम? गाळ्याला जेवढे कमी पडत होते, त्याहून थोडी जास्तच.

संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं. समोर कांदेपोहे ठेवले. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, म्हणजे काम मोठं होतं.

"मी होकाराचं बटण दाबलंय," त्या म्हणाल्या. "उद्या तीन वाजता बँकेतून फोन येणार आहे. त्यांना एकदा यांच्याशी बोलायचंय. खात्री करायला."

"यांच्याशी म्हणजे?"

"तुमचा आवाज यांच्यासारखाच आहे."

होता. लहानपणापासून होता. आईसुद्धा फोनवर फसायची. दादाची नक्कल हा माझा घरगुती हुकमी प्रयोग होता, पण तो गेल्यापासून मी तो कधी केला नव्हता.

"वहिनी, हे खोटं आहे."

"खोटं कुठे आहे? हप्ते कोण भरणार? मीच. आतापर्यंत कोणी भरले? मीच. ती सगळी पत मी कमावलेली आहे, भावजी. माझीच वस्तू मी त्यांच्या कपाटातून काढतेय."

आणि खरं सांगू का, माझ्यातल्या नटाचे कान टवकारले होते. असला प्रवेश कुणाच्या वाट्याला येतो!

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी दादाच्या खुर्चीत बसलो. वहिनी समोर. फोन टेबलावर, स्पीकर चालू. तो वाजला, मी घसा खाकरला आणि दादासारखं, "हॅलो" न म्हणता, म्हणालो, "बोला."

इथे मी नेहमी थोडं गाळतो. आज लिहितोच आहे तर लिहितो. तो आवाज मी काढला नाही. तो आला. जरा थकलेला, शेवटी खाली उतरणारा. वहिनींच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं, ते मला टेबलापलीकडून दिसलं. आणि त्यांचा हात आपोआप हलला. बाजूला पडलेलं पाकीट आणि पेन्सिल त्यांनी माझ्यापुढे सरकवली, कारण दादा फोनवर बोलताना कागदावर चौकोन काढत बसायचा. त्यांचं माझ्या हाताकडे लक्षही नव्हतं. माझंही नव्हतं. मी चौकोन काढत होतो, हे मला चौथ्या-पाचव्या चौकोनाला कळलं.

पलीकडून बँकेची मुलगी विचारत होती. जन्मतारीख, आईचं नाव, पत्ता. दादा सगळं सांगत होता.

"कर्ज कशासाठी हवंय, सर?"

"गाळा घ्यायचाय. बायकोसाठी."

"आमच्याकडे त्यांची नोंद गृहिणी अशी आहे."

"चुकीची आहे." मी रंगात आलो होतो, पण ते रंगात येणंही माझं वाटत नव्हतं. "पोळी-भाजी केंद्र चालवते ती. रोज अडीचशे माणसं तिच्या हातचं जेवतात. आणि हे माझं कार्ड आहे ना, जे तुम्हाला इतकं आवडतं, त्याचं बिलही तीच भरते. मी कधीच नीट भरलं नाही. माझ्याच्याने व्हायचं नाही ते. घर तिच्यावरच चाललं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा आयुष्यात असं कधी बोलला नव्हता. त्याला ते वाटत होतं की नाही, हेही आम्हाला माहीत नव्हतं. आता त्याच्या आवाजात ते बोलून झालं होतं आणि परत घेता येत नव्हतं.

पलीकडची मुलगी हसली. अगदी सहज म्हणाली, "मग सर, कर्ज मॅडमच्याच नावावर का नाही घेत?"

दादा गप्प झाला. मी तोंड उघडलं, पण आत कुणी नव्हतं.

"सर? आहात ना?"

"नाहीत," वहिनी म्हणाल्या. फोन त्यांनी स्वतःकडे ओढला. "ताई, ते नाहीत. वारले. तीन वर्षं झाली."

"मॅडम... आत्ता तर सर बोलत होते."

"ते माझे दीर. आवाज सारखा आहे. चूक माझी आहे, त्यांना मी बसवलं."

पलीकडून मग अगदी बारीक आवाजात, "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे. कळवायला उशीर झाला, तो तेवढा तरी नीट नोंदवून ठेवा."

त्यांनी फोन बंद केला. मी घामाघूम. "वहिनी, गाळा गेला!"

"गेला," त्या म्हणाल्या. "पण तिने विचारलं ते बरोबर आहे. हप्ते थकले असते तर नाव यांचं खराब झालं असतं. नीट फिटले असते तर नाव यांचंच झालं असतं. दोन्हीकडून मी कुठे आहे?"

पुढल्या आठवड्यात आम्ही मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत गेलो. साहेबांनी चांगलं फैलावर घेतलं आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड वापरणं हा गुन्हा ठरू शकतो, हे त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवून समजावलं. एक रुपयाही थकलेला नव्हता, म्हणून लेखी खुलासा घेऊन त्यांनी आम्हाला सोडलं. वहिनींना एकाच गोष्टीचं दुःख झालं. कार्ड वापरल्याबद्दल बक्षीस म्हणून साठलेले पॉइंट बुडाले. "चांगला मिक्सर आला असता हो," त्या जिन्यात म्हणाल्या.

घरी आलो तर फ्रिजवर दादाला शेवटचा मेसेज येऊन पडला होता. "आपल्या मृत्यूची नोंद करण्यात आली आहे. ही विनंती आपण केलेली नसल्यास ताबडतोब संपर्क साधा."

मी मोठ्याने हसलो. वहिनीही हसल्या. मग त्या खाली बसल्या आणि रडल्या, दादा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या. त्याला खऱ्या अर्थाने पोचवून आलो होतो ते त्या दिवशी.

दिवाळीत गाळ्यावर मोबाइलच्या दुकानाची पाटी लागली. वहिनींनी केंद्र घरच्या स्वयंपाकघरात आणलं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली, बाकीची जिना चढून यायला लागली. ठाण्याच्या त्या मुलीने सांगितलेलं त्यांनी अक्षरशः केलं. छोटी ठेव ठेवली, तिच्यावर स्वतःचं कार्ड घेतलं. महिन्याचं तेल तेवढं त्यावर, बिल आलं की त्याच दिवशी संपूर्ण चुकतं करायचं. वर्षाने स्क्रीनवरच्या त्या पांढऱ्या जागेत एक आकडा उगवला. त्याच्या बळावर मोठ्या तव्याची शेगडी हप्त्यावर घेतली आणि तीही वेळेत फेडली. मग कुठे यंदा मानपाडा रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक गाळा मिळाला. पहिल्याहून लहान, उन्हाचा, पण कर्ज त्यांचं आणि गाळा त्यांचा. मी सहकर्जदार व्हायला तयार होतो. "नको," त्या म्हणाल्या, "पुन्हा कुणाचं काय कुणाच्या नावावर चढेल, नेम नाही."

पहिला हप्ता गेला त्या दिवशी मी नव्या गाळ्यात गेलो होतो. त्या पोळ्यांना तूप लावत होत्या. फोन वाजला, तो त्यांनी कोपराने आपल्याकडे वळवून वाचला आणि पुन्हा तूप लावायला लागल्या.

"भावजी, एक सांगून ठेवते. मी गेले की त्याच दिवशी बँकेत कळवायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

"वहिनी, काहीतरी शुभ बोला. पहिला हप्ता आहे."

"हे शुभच आहे. आणि माझा आवाज काढायचा नाही."

"तुमचा आवाज मला येत नाही."

"येईल," त्या पोळी घडी घालत म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकताय."

तेव्हापासून घरी एकटा असलो की कधीकधी जिभेवर काहीतरी येऊन थांबतं. मी लगेच रेडिओ लावतो.